गाडी लांब झाली, फलाट तेवढाच राहिला

जालन्याला रेल्वे आली ती दुष्काळात. १८९९-१९०० चा तो दुष्काळ. व्यापाऱ्यांच्या संवताप्रमाणे छप्पन्नचा. माणसे अन्नासाठी गाव सोडत होती आणि त्याच सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असे मराठवाडा आडवे कापत हैदराबादेला जाणारे ३९१ मैलांचे रूळ पडत होते. मार्गाचे नाव भारदस्त होते, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. चालवणारी कंपनी निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. १९०१ पर्यंत सगळा मार्ग सुरू झाला. मग १९०३ मध्ये जालन्याची छावणी मोडली. ज्या छावणीमुळे १८२७ पासून इंग्रजी कागदपत्रांत जालन्याचे नाव सतत येत राहिले, तीच नेमकी रेल्वे आल्यावर उठली. फौज गेली, स्टेशन राहिले. त्यानंतर शहराने जी ओळख कमावली ती कापसाची, जिनिंग-प्रेसिंगची, आडतीची. ‘जालना सोने का पालना’ ही दख्खनी म्हण इथले लोक अजून मिरवतात, आणि त्या पाळण्याची एक दोरी स्टेशनाला बांधलेली होती हे विसरतात.

हा मार्ग मीटर गेजचा होता. दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर, कमी खर्चाचे काम. मनमाडला मात्र जी.आय.पी. रेल्वेची ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरची. त्यामुळे जालन्यात भरलेली कापसाची गाठ मनमाडला उतरवायची, हमालांनी ती पलीकडच्या वाघिणीत चढवायची आणि मग ती मुंबईकडे निघायची. जवळजवळ नव्वद वर्षे हा उतार-चढाव चालू राहिला. मराठवाड्यातल्या दोन पिढ्यांनी ब्रॉडगेजची मागणी केली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेच्या मागण्यांच्या यादीत हा विषय वर्षानुवर्षे होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशभर एकच गेज करण्याचे धोरण आले आणि मनमाड-औरंगाबाद-जालना-परभणी मार्गावरचे अरुंद रूळ उखडले गेले. मुंबईची गाडी थेट दारात आल्याचा आनंद एवढा मोठा होता की मागे काय उरले ते पाहायला कोणी वळले नाही. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. मनमाडच्या फलाटावर रात्री ट्रंका सांभाळत बसलेल्या माणसाला जुन्या इमारतीचे प्रेम असावे अशी अपेक्षा करणे हा शहाजोगपणा झाला.

पण रेल्वे बदलते तेव्हा मागे बरेच काही उरते. वाफेच्या इंजिनाला पाणी देणारे हौद आणि लोखंडी सोंडा, राखेचे खड्डे, इंजिन फिरवायचे टर्नटेबल, रात्री थांबणाऱ्या ड्रायव्हर-गार्डची रनिंग रूम, गँगमनच्या चाळी, दगडी मालधक्का. या वास्तूंचे मरण इतर वास्तूंसारखे नसते. वाडा पडतो तो वारसांच्या भांडणाने किंवा वाळवीने. देऊळ पडते ते लक्ष नसल्याने. रेल्वेची इमारत मात्र धडधाकट असतानाच निकामी ठरते. भिंती मजबूत, छप्पर शाबूत, आणि तरीही एक दिवस भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘अबॅन्डन्ड’ रंगवून माणसे निघून जातात. कारण बदल इमारतीत झालेला नसतो, गाडीत झालेला असतो. गाडी रुंद होते, लांब होते, कोळसा सोडून डिझेलवर किंवा विजेवर जाते. इमारतीचे माप जुनेच राहते.

लंडनच्या कॅम्डन भागात १८४७ साली लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने इंजिनांसाठी एक गोल शेड बांधली. मधोमध टर्नटेबल, भोवती इंजिने उभी करायच्या जागा, वर लोखंडी खांबांवर तोललेले शंकूसारखे छप्पर. काही वर्षांतच नवी इंजिने त्या टर्नटेबलापेक्षा लांब निघाली. विटांचे ते भक्कम बांधकाम कोवळ्या वयातच बिनकामाचे झाले. पुढे गिल्बी नावाच्या दारूच्या कंपनीने ते गोदाम म्हणून घेतले आणि अनेक दशके तिथे जिन साठवली. १९६४ मध्ये नाटककार आर्नल्ड वेस्कर यांच्या ‘सेंटर ४२’ या चळवळीने ती जागा कामगारांसाठी कलाकेंद्र म्हणून मिळवली. त्यांच्या स्वप्नाएवढे पैसे कधी जमले नाहीत. पण ऑक्टोबर १९६६ मध्ये एका भूमिगत वृत्तपत्राच्या प्रकाशनाच्या रात्री पिंक फ्लॉइड हा तेव्हा नवखा असलेला वाद्यवृंद तिथे वाजला आणि ‘राउंडहाउस’ हे नाव कानोकानी झाले. १९८३ मध्ये ते पुन्हा बंद पडले. नव्वदच्या दशकात एका धनिकाने विकत घेऊन, दुरुस्त करून, २००६ मध्ये ते पुन्हा उघडले. म्हणजे इंजिने बाहेर पडल्यापासून ठीकठाक रंगमंच होईपर्यंत जवळजवळ दीड शतक. आणि त्यातला सगळ्यात मोठा काळ दारूचे गोदाम.

यापेक्षा रंजक कथा पॅरिसची आहे, तिच्यापाशी थोडे थांबू.

सेन नदीच्या डाव्या काठावर ओर्से राजवाडा होता. त्यात हिशेब तपासणीचे सरकारी न्यायालय बसत असे. मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या शेवटच्या दिवसांत तो जाळण्यात आला आणि काळे पडलेले अवशेष ऐन शहरात जवळजवळ तीस वर्षे तसेच उभे राहिले. १९०० चे जागतिक प्रदर्शन जवळ आले तेव्हा पॅरिस-ऑर्लियाँ रेल्वे कंपनीला आपले शेवटचे स्थानक शहराच्या मध्यात हवे होते. तिला ही जागा मिळाली. समोर लूव्र, शेजारी सरदारांच्या हवेल्या. तिथे लोखंडी सांगाडा आणि धूर कोण चालवून घेणार? वास्तुकार व्हिक्टर लालू याने लोखंड दगडाच्या भिंतीमागे लपवले. गाड्या विजेवर चालणार होत्या, म्हणून धुराचा प्रश्न नव्हता आणि सगळे स्थानक एका छताखाली घेता आले. दोन वर्षांत काम उरकले. मुख्य दालन १३८ मीटर लांब, ४० मीटर रुंद, ३२ मीटर उंच. त्यात १२,००० टन लोखंड गेले, आयफेल टॉवरपेक्षा जास्त. खालच्या पातळीवर १६ रूळ, सामानासाठी लिफ्ट, शिवाय ३७० खोल्यांचे हॉटेल. एदुआर देताय या चित्रकाराने ते पाहून १९०० सालीच थट्टा केली की हे स्थानक कलेच्या राजवाड्यासारखे दिसते आणि कलेचा राजवाडा स्थानकासारखा, तर अजून वेळ आहे तोवर अदलाबदल करून टाका. सगळे हसले असणार. ती अदलाबदल व्हायला ८६ वर्षे लागली.

विजेनेच हे स्थानक शक्य केले होते, विजेनेच ते मोडीत काढले. विद्युतीकरण पसरत गेले तशा लांब पल्ल्याच्या गाड्यांना जास्त डबे लागू लागले. ओर्सेचे फलाट एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला शहर यांच्यात अडकलेले, लांबवणार कुठे? १९३९ मध्ये लांबच्या गाड्या तिथून हलल्या आणि फक्त उपनगरी गाड्या राहिल्या. एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य. आपल्याकडे एखादा पाझर तलाव मंजूर व्हायला एवढा काळ लागतो.

मग सुरू झाली मधली वर्षे, आणि माझ्या मते या कथेचा खरा गाभा तोच आहे. वस्तुसंग्रहालयाच्या माहितीपत्रकात ही वर्षे दोन-तीन ओळींत संपतात. महायुद्धात त्या दालनात युद्धकैद्यांना पाठवायची पार्सले गोळा होत. युद्ध संपल्यावर परतलेल्या कैद्यांचे स्वागत तिथेच झाले. मे १९५८ मध्ये अल्जीरियाच्या पेचात द गॉल यांनी सत्तेत परतण्याची तयारी जाहीर केली ती याच इमारतीतल्या हॉटेलच्या सभागृहात, पत्रकारांसमोर. १९६२ मध्ये ऑर्सन वेल्स काफ्काच्या ‘द ट्रायल’वर चित्रपट करत होता. सेट बांधायला पैसे उरले नव्हते. वेल्स सांगत असे की रात्री झोप येईना म्हणून खिडकीशी उभा राहिलो तर समोर दोन चंद्र दिसले, ती ओर्से स्थानकाची घड्याळे होती. आणि पहाटे तिथे जाऊन पाहिले तर काफ्काची सगळी कचेरी आयती उभी. वेल्सच्या गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा हा वेगळा मुद्दा. पण चित्रपटातले ते न संपणारे जिने आणि धुळकट दालने त्याच स्थानकातली आहेत, आणि पडीक स्थानकाला त्याने जे रूप दिले ते कोणत्याही संवर्धन समितीला देता आले नसते.

नाटकवाले आले ते याहून विचित्र वाटेने. ज्याँ-लुई बारो हा फ्रान्सचा मोठा नट आणि दिग्दर्शक ओदेऑन या सरकारी नाट्यगृहाचा प्रमुख होता. मे १९६८ च्या आंदोलनात विद्यार्थ्यांनी ओदेऑन ताब्यात घेतले आणि बारोने त्यांना विरोध केला नाही, म्हणून सरकारने त्याला घरी बसवले. बायको मादलेन रनो आणि आपली मंडळी घेऊन तो आधी कुस्त्यांच्या एका हॉलमध्ये नाटके करू लागला आणि सत्तरच्या दशकात ओर्से स्थानकात शिरला. त्या अवाढव्य दालनात त्याने तंबू ठोकला, लाकडी रंगमंच बांधला. थंडी, धूळ, खालून जाणाऱ्या लोकलचा धडधडाट, आणि त्यात बेकेट नि द्युरास यांची नाटके. त्याच वर्षांत पॅरिसच्या जुन्या लिलावघराची नवी इमारत बांधली जात होती, म्हणून लिलाववालेही तात्पुरते इथे राहायला आले. म्हणजे एकाच छताखाली एका कोपऱ्यात नाटक आणि दुसऱ्या कोपऱ्यात खुर्च्या-गालिच्यांची बोली. आपल्याकडच्या जत्रेत वगनाट्याच्या कनातीशेजारी बैलांचा बाजार भरतो, त्यातलीच ही तऱ्हा.

या सगळ्या काळात स्थानक पाडायचा बेत मात्र चालूच होता. रेल्वेला तिथे नवे मोठे हॉटेल हवे होते आणि आराखडेही तयार होते. पण १९७१ पासून पॅरिसची ‘ले आल’ ही जुनी मंडई, लोखंड आणि काचेची ती प्रसिद्ध दालने, पाडायला सुरुवात झाली आणि लोक खवळले. मंडई वाचली नाही. तिच्या मरणाने स्थानक वाचले. सांस्कृतिक मंत्री झाक द्युआमेल यांनी हॉटेलची परवानगी नाकारली, मार्च १९७३ मध्ये इमारत संरक्षित यादीत गेली आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या सरकारने तिथे एकोणिसाव्या शतकाचे कलासंग्रहालय करायचे ठरवले. आतली मांडणी गाए आउलेंती या इटालियन वास्तुकार बाईंनी केली. १ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केले. रूळ होते त्या पातळीवर आज शिल्पे आहेत. मोने, देगा, व्हॅन गॉग वरच्या मजल्यांवर. बारोची मंडळी तोवर हलली होती. ज्यांनी जागा जिवंत ठेवली त्यांना पक्के घर झाल्यावर तिथे जागा नसते, हे सगळीकडचे आहे.

बर्लिनच्या हँबुर्गर बानहोफची कथा आणखी आडवळणाची. १८४० च्या दशकातले हे स्थानक १८८४ मध्येच बंद पडले, १९०६ मध्ये वाहतुकीचे संग्रहालय झाले आणि युद्धानंतर एका कायदेशीर चमत्कारात अडकले: जागा पश्चिम बर्लिनमध्ये, पण मालकी पूर्व जर्मनी चालवत असलेल्या रेल्वेची. कोणालाच काही करता येईना, म्हणून ते तसेच राहिले. १९८४ मध्ये ताबा पश्चिमेकडे आला आणि १९९६ मध्ये समकालीन कलेचे दालन उघडले. शीतयुद्धाने जगात वाचवलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक म्हणायला हवी.

आता मुंबईकडे या. बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे शेवटचे स्थानक चर्चगेट नव्हते, कुलाबा होते. त्याची देखणी इमारत एप्रिल १८९६ मध्ये सुरू झाली. जानेवारी १९२८ मध्ये विजेची लोकल कुलाब्याहूनच बोरिवलीला निघाली. पण बॅकबे भरावाच्या योजनेने दक्षिण मुंबईच्या जमिनीचे गणित बदलले होते आणि सरकारला रेल्वे त्या टोकाला नको होती. क्लॉड बॅटली यांनी आखलेले मुंबई सेंट्रल डिसेंबर १९३० मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मध्यरात्री कुलाबा बंद झाले. पस्तीस वर्षांचीही न झालेली इमारत. आज तिथे बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. ओर्से आणि कुलाबा जवळजवळ जुळी भावंडे: एकाच दशकातली, दोन्ही ऐन पाण्याजवळ, दोन्ही चाळिशीच्या आत निकामी. फरक एवढाच की ओर्सेला दुसरा धनी मिळेपर्यंत रिकामे उभे राहता आले. कुलाब्याला मधली वर्षे मिळालीच नाहीत.

महाराष्ट्रात याउलट घडलेले एक ठळक काम नागपूरचे. सातपुडा भागातल्या नॅरोगेज मार्गांचे केंद्र असलेल्या मोतीबागेत डिसेंबर २००२ मध्ये रेल्वेनेच नॅरोगेजचे संग्रहालय उघडले. ते उघडले तेव्हा नागपूरची नॅरोगेज अजून धावत होती. छिंदवाड्याची गाडी २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. आजारी माणसाचा फोटो आधीच काढून ठेवावा तसे थोडे वाटते, पण रेल्वेत इतका आगाऊ विचार कोणी केला याचे कौतुकच करायला हवे. मात्र तिथे रेल्वेने रेल्वेचीच आठवण जपली. इमारत गावाच्या हाती गेली आणि गावाने तिचे दुसरेच काही केले, तो प्रकार वेगळा.

तो प्रकार पाहायचा तर कर्नाटकात शिमोग्याच्या पुढे अरसाळूला जावे लागते. जालन्यासारखाच मीटर गेजचा मार्ग, मात्र जंगलातला, आणि स्थानक एवढेसे. १९८० च्या दशकात शंकर नाग आर. के. नारायण यांच्या कथांवर दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ करत होता. हा कन्नड नट-दिग्दर्शक मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेला; ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्याचा हात होता. मालगुडीच्या स्थानकासाठी त्याने अरसाळू निवडले. पुढे मार्ग ब्रॉडगेज झाला, नवे स्थानक आले आणि जुनी कौलारू इमारत गवतात पडून राहिली. २०२० मध्ये रेल्वेने ती दुरुस्त करून तिथे ‘मालगुडी संग्रहालय’ केले. मांडणीचे काम जॉन देवराज यांच्याकडे दिले. मूळ मालिकेच्या कलादिग्दर्शनात ते होते. अरसाळूला ना आयफेलशी स्पर्धा करणारे लोखंड, ना प्रसिद्ध वास्तुकार. त्याला वाचवले ते त्याआधी तीस-पस्तीस वर्षे तिथे काही दिवस लागलेल्या एका कॅमेऱ्याने. ओर्सेतल्या वेल्ससारखेच.

म्हणूनच मला जुन्या स्थानकाच्या सौंदर्याच्या गप्पांत फारसा रस वाटत नाही. देखणी असून कुलाब्याची इमारत गेली आणि गोदाम असून राउंडहाउस राहिले. खरा प्रश्न आहे तो रिकाम्या वर्षांत आत कोण शिरले याचा. दारूवाला, लिलाववाला, नोकरीवरून काढलेला नट, पैसे संपलेला दिग्दर्शक. यांतल्या कोणालाही वारसा जपायचा नव्हता, फक्त स्वस्तात छप्पर हवे होते.

जालन्याला असे छप्पर शोधणारी माणसे कमी पडली असती असे नाही. शहरात मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. आणि रेल्वे व नाटक यांची सोयरीक तर जुनीच: फिरत्या नाटक कंपन्यांचे रंगवलेले पडदे, पोशाखांच्या पेट्या, ऑर्गन, आचाऱ्याची भांडी हे सगळे मालडब्यांतूनच गावोगाव जायचे. ज्या गावाला मालधक्का त्या गावाला नाटक, असा साधा हिशोब होता. कापसाच्या गाठी चढायच्या त्याच धक्क्यावर कोणाची तरी इंद्रसभा उतरायची. धक्का पुन्हा नाटकाला दिला तर त्यात उसने काही नाही.

अडचण आहे ती वेळेची. मीटर गेज उखडली तेव्हा पडीक रेल्वे जमिनीकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. आता उलट आहे. रेल्वे जमीन विकास प्राधिकरण २००६ पासून अशा जमिनींचा व्यापारी उपयोग शोधत असते आणि अमृत भारत योजनेत स्थानकांची नवी रूपे आखली जात आहेत. जालन्याचे नाव त्या योजनेत आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजी इथून मुंबईला वंदे भारत सुटू लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. रूळ वाढणार, फलाट लांबणार, माल दुसरीकडे हलणार, आणि पुन्हा काही भिंतींवर तो एक इंग्रजी शब्द रंगवला जाणार.

तेव्हा करायचे काम छोटे आहे. पाडायचा आदेश आणि पाडायचा दिवस यांच्यात जो काळ जातो, एखादा पावसाळा किंवा दोन हिवाळे, तेवढ्यापुरती किल्ली विभागीय कार्यालयाने गावातल्या नाटकवाल्यांकडे, चित्रकारांकडे, भजनी मंडळाकडे द्यावी. नांदेड विभागाला त्यासाठी नवा कायदा लागणार नाही, संवर्धन तज्ज्ञही लागणार नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा पुरे, वीज मीटर वेगळे, आणि छप्पर गळते की नाही ते आधी एकदा पाहून घ्यावे.